बासष्टचा अहवाल सभागृहात आणा : महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
लोकसभेतले महाराष्ट्राचे ४८ आणि राज्यसभेतले १९ सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

सगळ्या पक्षांच्या खासदारांना मी एकच पत्र लिहितो आहे. वेगवेगळी पत्रं लिहावीत असं कारण सापडलं नाही. ज्या विषयावर लिहितो आहे त्यात सत्ताधारी आणि विरोधक गेली साठ वर्षं इतके एकमताने वागले आहेत की मला फक्त पाकिटावरचं नाव बदलावं लागलं असतं.

विषय १९६२ च्या युद्धाचा. संसदेत चीनचं नाव निघालं की पाच मिनिटांत नेहरूंचं निघतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान मारले गेले. विरोधकांनी विचारलं, चीन किती आत आला? उत्तरादाखल प्रश्नच आला, अक्साई चीनचा ३८ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश कोणी घालवला? डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळ यांगत्सेला झटापट झाली, तेव्हा विरोधकांनी चर्चा मागितली. ती मिळाली नाही, सभात्याग झाला, आणि बाहेर कॅमेऱ्यांसमोर पुन्हा बासष्ट. जुलै २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’वर दोन्ही सभागृहांत सविस्तर चर्चा झाली. विषय पहलगामचा आणि पाकिस्तानचा होता, तरी अक्साई चीन आलंच. अक्साई चीनमध्ये गवताचं पातंही उगवत नाही हे नेहरूंचं वाक्य आणि त्यावर खासदार महावीर त्यागींनी दाखवलेलं आपलं टक्कल, हा किस्सा तर इतक्यांदा उगाळला गेला आहे की त्यात मूळ काय आणि मागाहून चिकटलेलं काय, हे सांगणं कठीण व्हावं.

बांधावरून भांडणारे दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढतात आणि सातबारा मात्र दोघांच्या संमतीने पेटीत कुलूपबंद असतो, तसं हे भांडण आहे. बासष्टचा कागद आहे. तो संरक्षण मंत्रालयात पडून आहे. त्याला ‘हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल’ म्हणतात. तो सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावा, एवढीच या पत्राची मागणी आहे. ती तुमच्याकडेच का, हे जरा विस्ताराने सांगतो.

या प्रकरणात महाराष्ट्र पहिल्यापासून आहे. फेब्रुवारी १९६२ ची निवडणूक आठवा, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन काँग्रेसचे उमेदवार होते आणि त्यांच्यासमोर आचार्य कृपलानी. कृपलानींच्या मागे प्रजासमाजवादी, स्वतंत्र पक्ष, जनसंघ असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे उभे होते. मेननांसाठी खुद्द नेहरू प्रचाराला आले. प्रचाराचा मुख्य मुद्दाच चीनचा होता : सीमेवर जे चाललंय ते बरोबर की चूक? मुंबईकरांनी मेननांना मोठ्या मताधिक्याने निवडून दिलं. आठ महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, ईशान्येला नामका चू नदीकाठी आणि लडाखमध्ये एकाच दिवशी चिनी हल्ला झाला.

त्यानंतरचं आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. मेनन गेले, यशवंतरावांना दिल्लीहून बोलावणं आलं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला. २१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. पुढच्या वर्षी नाशिकमधून ते बिनविरोध लोकसभेवर गेले. हा अभिमानाचा भाग आपण भाषणात सांगतो. त्याच्या पुढचं पान कोणी उलटत नाही.

पुढचं पान असं. डिसेंबर १९६२ मध्ये नवे लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधुरी यांनी पराभवाच्या चौकशीचं काम दोन अधिकाऱ्यांवर सोपवलं. एक लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स, दुसरे ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत. हे भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले, डेहराडूनच्या मिलिटरी अकॅडमीचे तेव्हाचे प्रमुख. दोघांनी मे १९६३ मध्ये काम पुरं केलं, जुलैत अहवाल यशवंतरावांकडे आला. २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी संसदेत निवेदन केलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांचा आपल्या माणसांवरचा प्रभाव, या पाच गोष्टी तपासल्या गेल्या, असं सांगितलं. डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण पुरेसं नव्हतं, गुप्तवार्ता वेळेवर आणि नेमकी मिळत नव्हती, कितीही मोठं सैन्य असलं तरी त्याला सरकारकडून धोरणाचं स्पष्ट मार्गदर्शन लागतं, इथपर्यंत ते मोकळेपणाने बोलले. आणि मग म्हणाले की सुरक्षिततेसाठी आणि सीमेवरच्या सैन्याच्या मनोधैर्यासाठी अहवाल उघड करता येणार नाही.

१९६३ साली हे कारण मला पटलं असतं. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. नवी डोंगरी डिव्हिजनं उभी करायची होती, परत आलेल्या कैद्यांच्या जखमा भरल्या नव्हत्या, आणि सरकारवर नेहरूंच्या कारकिर्दीतला पहिला अविश्वास ठराव नुकताच येऊन गेला होता. तो आणला होता कृपलानींनी. उत्तर मुंबईत हरलेले कृपलानी मे महिन्यात अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले होते. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. अशा वेळी यशवंतरावांनी कागद दाबून धरला यात मला पाप दिसत नाही. पण त्यांनी लावलेलं कुलूप त्यांच्यानंतरच्या प्रत्येकाने देवघरासारखं जपावं, हे कशासाठी? त्यांच्या नंतरही ती किल्ली मराठी माणसाच्या हाती अनेकदा आली. १९८४ मध्ये काही महिने शंकरराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. १९९१ ते १९९३ शरद पवार होते. २०१४ ते २०१७ गोव्याचे मनोहर पर्रीकर होते. मुंबईने घडवलेले जॉर्ज फर्नांडिस वाजपेयींच्या मंत्रिमंडळात याच खुर्चीवर होते. काँग्रेस, भाजप, समाजवादी सगळे येऊन गेले, अहवाल जागचा हलला नाही.

२०१४ चं तर वेगळं सांगायलाच हवं. त्या वर्षी मार्चमध्ये नेव्हिल मॅक्सवेल या माजी ब्रिटिश वार्ताहराने आपल्याकडे कित्येक वर्षं असलेला अहवालाच्या पहिल्या खंडाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. काही पानं त्यातही नव्हती. भारतातून ते संकेतस्थळ लगेच उघडेनासं झालं. म्हणजे बीजिंगमधल्या अधिकाऱ्याला आपला अहवाल वाचता येत होता, बार्शीतल्या मास्तराला येत नव्हता! राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी लिहिलं की असे कागद अनिश्चित काळ गुप्त ठेवणं योग्य नाही. मे महिन्यात सरकार बदललं, जेटली संरक्षणमंत्री झाले. जुलैमध्ये त्यांच्याच मंत्रालयाने राज्यसभेला लेखी उत्तर दिलं : अहवाल उघड करणं राष्ट्रहिताचं नाही. त्याआधी २०१० मध्ये ए. के. अँटनींनी सांगितलं होतं की मजकूर अत्यंत संवेदनशील आहे आणि लष्करी मोहिमांच्या दृष्टीने तो आजही उपयोगाचा आहे. दोन पक्ष, दोन मंत्री, उत्तर एकच. तेव्हा नेहरूंचं काय चुकलं हे ज्या पक्षाला रोज सांगायचं असतं त्यानेही अहवाल दिला नाही, आणि नेहरूंवर अन्याय होतो असं ज्या पक्षाला रोज वाटतं त्यानेही दिला नाही.

का दिला नसेल? माझा तर्क असा, की हा अहवाल कोणाच्याच सोयीचा नाही. बाहेर आलेल्या भागातून एवढं कळतं.

२ नोव्हेंबर १९६१ ची बैठक घ्या. पंतप्रधान, संरक्षणमंत्री, लष्करप्रमुख थापर, जनरल कौल, गुप्तचर खात्याचे मलिक असे सगळे हजर. पुढे सरका, चौक्या उभारा, चीनला आणखी आत येऊ देऊ नका, हा ‘फॉरवर्ड पॉलिसी’चा निर्णय तिथे झाला. आपण पुढे सरकलो तरी चीन बळाचा वापर करणार नाही, हे गुप्तचर खात्याचं गृहीतक त्याच्या मुळाशी होतं. इथपर्यंत दोष दिल्लीच्या राजकारण्यांचा आणि त्यांच्या सल्लागारांचा. पण त्याच निर्णयात आणखी एक कलम होतं : पुढच्या चौक्यांच्या पाठीशी, रसद पोचेल अशा जागी, मोठं सैन्य ठेवा, म्हणजे प्रसंग आला तर परिस्थिती सावरता येईल. ५ डिसेंबर १९६१ ला लष्करी मुख्यालयाने विभागांना हुकूम पाठवला तेव्हा नेमकं हेच कलम त्यातून गळालं. चौक्या पुढे गेल्या, पाठबळ गेलंच नाही. दहा-वीस जवानांची चौकी, विमानातून टाकलेलं रेशन, आणि समोरच्या टेकडीवर रस्त्याने येऊन बसलेली चिनी पलटण. पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दौलत सिंग यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये लेखी कळवलं की राजकीय निर्णय हाती असलेल्या लष्करी बळाला धरून हवेत. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

मग दोषी कोण? ज्याने कलम लिहिलं तो, ज्याने गाळलं तो, की गाळलेलं वर्षभर ज्याच्या लक्षात आलं नाही तो? या प्रश्नाचं उत्तर एका नावात मावत नाही. सभेत टाळ्या घेणाऱ्या वाक्यात तर नाहीच नाही.

आणि विरोधकांनाही यातून सुटका नाही. ऑगस्ट १९५९ मध्ये सीमेवर लोंगजूला चकमक झाली, ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंडीत आपले पोलीस मारले गेले, तेव्हापासून विरोधी बाकांवरून एकच सूर होता : बोटचेपेपणा सोडा, हाकलून द्या. एप्रिल १९६० मध्ये चाऊ एन-लाय दिल्लीला आले तेव्हा त्यांच्याशी तडजोडीचं बोलूच नका म्हणून मोर्चे निघाले. नेहरूंना पुढे ढकलणाऱ्यांत जनसंघ होता, समाजवादी होते, काँग्रेसमधलेही पुष्कळ होते. त्यावेळच्या वादाबद्दल जेवढं वाचलंय त्यात ‘नेफात (आजच्या अरुणाचलात) रस्ता किती मैल झाला, तिथल्या पलटणीकडे हिवाळ्याचे कपडे आहेत का’ हा सूर मला फार क्षीण दिसतो. भूमी पवित्र आहे हे सगळ्यांनी सांगितलं. खेचरं किती आहेत हे विचारणारे थोडे.

ज्यांनी विचारलं त्यात आपले कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात होते. ते पूर्व विभागाचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या संरक्षणाचा आराखडा मुख्यालयाला पाठवला. चीन कुठून येईल, आपण कुठवर मागे येऊन लढावं, किती सैन्य लागेल, सगळं त्यात होतं. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यावर ‘लाल किला’ नावाचा सराव घेतला. वरच्यांना तो बागुलबुवा वाटला. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. दीड वर्षाने जे घडलं ते त्यांच्या नकाशाबरहुकूम. कोल्हापूरच्या दोन्ही खासदारांनी एवढ्या एका कारणासाठी तरी या मागणीवर सही करायला हरकत नसावी.

आता ‘संवेदनशील’ या आक्षेपाकडे येतो. नामका चू, थाग ला, से ला, वालोंग, गलवान, देप्सांग ही ठिकाणं आजही तीच आहेत, आणि म्हणून १९६२ चा अभ्यास आजच्या शत्रूच्या कामाचा आहे, असं म्हणतात. डोंगर जागेवरच आहेत हे खरं. पण तेव्हा से ला खिंडीच्या पलीकडे एका कच्च्या रस्त्यावर आपला सगळा जीव टांगलेला होता. मार्च २०२४ मध्ये त्याच से लाखालून बोगद्याचं उद्घाटन झालं. लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीपर्यंत २५५ किलोमीटरचा रस्ता आहे. वरून उपग्रह पाहताहेत. तेव्हाच्या तोफा, तेव्हाचे संदेश, तेव्हाच्या डिव्हिजनांची रचना आज कोणाच्या कामाची? शिवाय नामका चूवर ब्रिगेडियर जॉन दळवी यांची अख्खी ब्रिगेड मोडली आणि ते स्वतः आणि त्यांचे कित्येक जवान चीनच्या हाती लागले होते. आपल्या तेव्हाच्या त्रुटी चीनने तिथल्या तिथे वाचल्या. आणि इतकं करूनही एखादा परिच्छेद खरोखर नाजूक असेल तर तो काळा करा. कारगिलच्या वेळी केलंच होतं.

कारगिलचं उदाहरण सत्ताधारी मित्रांनी अभिमानाने घ्यावं असं आहे. लढाई संपल्यावर तीनच दिवसांनी, २९ जुलै १९९९ ला, वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली. २३ फेब्रुवारी २००० ला अहवाल संसदेत होता. गुप्तचर यंत्रणांबद्दलचा काही मजकूर वगळला होता, तरी घुसखोरी आधी का कळली नाही हे त्यात होतं आणि ते सरकारला फारसं शोभादायक नव्हतं. सैन्याचं मनोधैर्य खचलं नाही. उलट त्या अहवालातून संरक्षण गुप्तवार्ता संस्था निघाली, तिन्ही दलांचं एकत्रित मुख्यालय निघालं, पुढे ‘सीडीएस’च्या, म्हणजे तिन्ही दलांच्या सामायिक प्रमुखाच्या, पदापर्यंत गोष्ट गेली. ब्रिटनने फॉकलंडच्या युद्धानंतर फ्रँक्स समितीचा अहवाल जानेवारी १९८३ मध्ये, म्हणजे लढाईनंतर सात-आठ महिन्यांत छापला. इराक युद्धावरचा चिल्कॉट अहवाल यायला सात वर्षं लागली, पण २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात माजी पंतप्रधान ब्लेअर यांच्या निर्णयांची चिरफाड होती. आणि पाकिस्तान! १९७१ च्या पराभवावरचा हमूदुर रहमान अहवाल त्यांनी जवळपास तीस वर्षं दाबला. २००० साली तो एका भारतीय नियतकालिकाने छापला, आपण मिटक्या मारत वाचला, आणि त्याच वर्षाअखेर पाकिस्तान सरकारने नाइलाजाने खुला केला. लष्कराच्या बुटाखाली असलेल्या देशाने जे केलं ते आपल्याला अजून जमलेलं नाही.

मनोधैर्याच्या कारणाचं मला जास्त वाईट वाटतं. या युद्धात १,३८३ जण मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले, ३,९६८ कैदी झाले. मी साताऱ्याचा. इथे अपशिंग्यासारखं गाव आहे, ज्याच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं. अशा गावांत बासष्टची लढाई लढलेल्या पिढीला शेवटपर्यंत एकच प्रश्न ऐकावा लागला, ‘तुम्ही पळालात का?’ लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांची कुमाऊंची कंपनी १८ नोव्हेंबरला जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. हे खरं वाटायलासुद्धा फेब्रुवारीत बर्फात गोठलेले देह मोर्च्यातच सापडावे लागले. से लावरून माघार का झाली, हुकूम कोणी दिला, कोणी बदलला, कोणी दिलाच नाही, हे लिहिलेलं जोवर कपाटात आहे तोवर दोष खाली झिरपत राहतो आणि जवानाच्या डोक्यावर येऊन थांबतो. गुप्ततेने मनोधैर्य राखलं जातं ते कोणाचं?

हा अहवालही पुरता नाही, हे मान्य. लष्करी मुख्यालयाच्या कारभारात शिरू नका अशी मर्यादा त्या दोघांना घातलेली होती. संरक्षण मंत्रालयाचे, परराष्ट्र खात्याचे कागद त्यांना मिळाले नाहीत. म्हणजे पराभवाच्या राजकीय बाजूची चौकशी या देशात झालेलीच नाही. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ मध्ये युद्धाचा अधिकृत इतिहास लिहून पुरा केला, तोही सरकारने रीतसर प्रकाशित केला नाही; एका वर्तमानपत्राने तो इंटरनेटवर घातला म्हणून लोकांना वाचता आला. अशी पोकळी राहिली की ती मॅक्सवेलसारखे भरतात. मॅक्सवेल यांचा निष्कर्ष असा की युद्ध भारतानेच ओढवून घेतलं. मला तो मान्य नाही. दोन आघाड्यांवर, इतक्या तयारीने, एकाच दिवशी झालेला हल्ला ही चौक्यांवरची चिडचिड नव्हती. पण आपलं धोरण पाठबळावाचून केलेला जुगार होता, हेही तितकंच दिसतं. ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतात, मात्र त्यासाठी हातात कागद लागतो. नसला की उरतो तो एकीकडे मॅक्सवेल आणि दुसरीकडे व्हॉट्सअॅप.

आणखी एक गोष्ट तुम्हाला खासदार म्हणून आठवून द्यायची आहे, कारण ‘युद्धाच्या वेळी प्रश्न विचारू नयेत’ हे आता सगळ्याच बाजूंनी ऐकू येतं. ८ नोव्हेंबर १९६२ ला संसद भरली तेव्हा तवांग पडलं होतं, चिनी सैन्य भारतात होतं आणि पुढचा हल्ला कधी होईल याचा नेम नव्हता. राज्यसभेतल्या तरुण अटलबिहारी वाजपेयींनी अधिवेशन लवकर बोलावण्याचा आग्रह धरला होता, नेहरूंनी तो मानला. गुप्त बैठक घ्या, अशी सूचना आली. ती नेहरूंनी नाकारली, सगळं उघड बोललं गेलं. सात दिवस चर्चा, दीडशेहून अधिक सदस्य बोलले, पंतप्रधानांना तोंडावर ऐकवलं. चर्चा सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी कृष्ण मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते, आणि त्यांना बाहेर काढलं ते मुख्यतः काँग्रेसच्याच खासदारांनी. चालू युद्धात स्वतःच्या पक्षाच्या संरक्षणमंत्र्याला घालवणारे खासदार! त्यांना कोणी देशद्रोही म्हटलं नाही. त्याच्याही आधी, सप्टेंबर १९५९ पासून, चीनशी झालेला पत्रव्यवहार सरकार स्वतः श्वेतपत्रिका काढून छापत होतं. वाद पेटलेला असताना पत्रं संसदेला देणारा देश, युद्धाला साठ वर्षं उलटल्यावरही चौकशीचा अहवाल देत नाही.

त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायची माझी इच्छा नाही. २६ ऑक्टोबरला लागलेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. कम्युनिस्टांतल्या डाव्या गटाला विचारांसाठी तुरुंगात टाकलं गेलं. आसाम-बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यात इथेच जन्मलेली पोरंबाळं होती, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं, आणि त्याबद्दल सभागृहात फारसा कोणाचा घसा बसला नाही. तरीही सप्टेंबर २०२० मध्ये लडाखवर संरक्षणमंत्र्यांनी लोकसभेत निवेदन केलं आणि चर्चेविना विषय मिटला, हे पाहिल्यावर १९६२ चं सभागृह मोठं वाटतं.

तुम्ही काय करू शकता हे तुम्हाला मी सांगावं हा उद्धटपणा आहे, पण सांगतो. माहिती अधिकाराच्या वाटेने हे होणार नाही. तो प्रयत्न कुलदीप नय्यर यांनी करून पाहिला, केंद्रीय माहिती आयोगाने नकार दिला. त्या कायद्यात वीस वर्षांनंतर बऱ्याच माहितीवरचं बंधन सुटतं, सुरक्षेच्या कारणावरचं सुटत नाही. उरते संसद. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानेच धोरण जाहीर केलं आहे की युद्धांच्या नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या कराव्यात आणि राष्ट्रीय अभिलेखागारात द्याव्यात. जुन्या युद्धांचं मात्र प्रकरणागणिक ठरेल. तेव्हा पहिलं काम सोपं आहे : बासष्टच्या कोणत्या कागदांबाबत असा निर्णय झाला, कधी झाला, कोणी घेतला आणि नकार असेल तर कोणत्या पानांसाठी, असा तारांकित प्रश्न लावा. तारांकित, म्हणजे मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागेल आणि पुरवणी प्रश्न विचारता येतील. दुसरं, तुमच्यातले जे संरक्षणाच्या स्थायी समितीत आहेत त्यांनी अहवाल आधी समितीसमोर मागवावा. तिसरं, शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांच्या ठरावांसाठी वेळ असतो. एक ठराव आणा, दोन्ही आघाड्यांच्या प्रत्येकी एका खासदाराच्या नावाने. हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल परिशिष्टांसह, १९९२ चा अधिकृत इतिहास, आणि २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीची नोंद, एवढं त्यात मागा.

दर २५ नोव्हेंबरला तुमच्यातले बरेच जण कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीला फुलं वाहायला येतात. सगळ्या पक्षांचे येतात, चांगली प्रथा आहे. संसदेचं हिवाळी अधिवेशन बहुधा त्याच सुमारास सुरू होतं. प्रश्नाची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे मसुदा कराडला येण्यापूर्वीच सचिवालयात पोचलेला हवा. मी प्रश्नांच्या याद्या वाचतो. तुमच्यापैकी ज्यांचं नाव दिसेल त्यांना आभाराचं पत्र जाईल, मग पक्ष कोणताही असो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मतदार, सातारा